जाळे कोठे तुटेल? : आलेखांचा वर्णपट आणि त्याचे शास्त्रीय उपयोग

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी मध्य प्रदेशातील बीना आणि ग्वाल्हेर यांना जोडणारी ४०० किलोव्होल्ट दाबाची वीजवाहिनी बंद पडली. तारा तुटल्या नव्हत्या, मनोरे कोसळले नव्हते. वाहिनीवरील भार इतका वाढला होता की, दोष उद्भवला असे समजून संरक्षक यंत्रणेने ती आपोआप तोडली. त्यानंतर काही सेकंदांतच उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. दिवसभराच्या प्रयत्नांनंतर ते पूर्ववत झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास हीच वाहिनी पुन्हा तशीच तुटली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग विजेवाचून राहिले. त्या प्रदेशांतील लोकसंख्या साठ कोटींच्या वर होती. रेल्वेगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, पूर्वेकडील काही कोळसा खाणींत कामगार अडकून पडले. महाराष्ट्र ज्यात मोडतो तो पश्चिम विभाग मात्र दोन्ही दिवशी टिकून राहिला.

या घटनेच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने समिती नेमली. विभागांना जोडणाऱ्या अनेक वाहिन्या आधीच बंद होत्या, उत्तर विभागात ठरलेल्या प्रमाणापेक्षा अधिक वीज ओढली जात होती आणि ती आवरण्याचे उपाय पुरेसे पडले नाहीत, असे समितीला दिसून आले. पश्चिम आणि उत्तर या दोन अवाढव्य जाळ्यांमध्ये मुख्य अशी एकच जोडणी त्या वेळी शिल्लक होती, ती म्हणजे बीना-ग्वाल्हेर-आग्रा ही वाहिनी. दोन्ही बाजूंना शेकडो वाहिन्यांची दाट वीण होती. त्यांच्यामध्ये मात्र एकच धागा होता.

एखाद्या जाळ्यातील असा नाजूक धागा नकाशावर बोट न ठेवता, केवळ आकडेमोडीने शोधून काढता येईल काय? जाळे लहान असेल तर डोळ्यांना तो दिसतो. दहा हजार बिंदूंच्या जाळ्यात डोळा थकतो. या कामी येणारी गणिताची शाखा म्हणजे आलेखांचा वर्णपटीय सिद्धांत. तिची मुळे एकोणिसाव्या शतकात असली तरी स्वतंत्र शाखा म्हणून ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत आकाराला आली. वीज, रसायन, रोगप्रसार, संगणक अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या क्षेत्रांत तिचा वापर होतो.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. शाळेत चौकटीच्या कागदावर काढतात तो आलेख येथे अभिप्रेत नाही. येथे आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्यांतील काही जोड्यांना सांधणाऱ्या रेषा, एवढेच. गावे हे बिंदू आणि रस्ते या रेषा मानता येतील. उपकेंद्रे व वाहिन्या, माणसे व त्यांचे संपर्क, अणू व त्यांचे बंध असेही मानता येईल. रेषा सरळ की वाकडी, लांब की आखूड, याला महत्त्व नाही. कोण कोणाशी जोडलेला आहे, एवढेच पाहावयाचे. १७३६ साली ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्झबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे याच दृष्टीने सोडविले आणि तेथूनच आलेख सिद्धांताचा आरंभ मानतात.

आलेख कागदावर काढण्याऐवजी तो आकड्यांच्या चौकटीतही मांडता येतो. जितके बिंदू तितक्या ओळी आणि तितकेच स्तंभ घ्यावयाचे. दोन बिंदू जोडलेले असतील तर त्यांच्या घरात १, नसतील तर ० लिहावयाचे. अशा चौकटीला गणितात आव्यूह म्हणतात. प्रत्येक आव्यूहातून काही ठरावीक संख्या निघतात. त्यांना लाक्षणिक मूल्ये, किंवा जर्मन शब्दावरून जगभर रूढ झालेल्या नावाने आयगेन मूल्ये, असे म्हणतात. लोलकातून गेलेला सूर्यप्रकाश जसा आपल्या घटक रंगांत फाकतो, तसा आव्यूह या संख्यांमध्ये उलगडतो. म्हणून या संख्यांच्या समूहाला वर्णपट हे नाव मिळाले.

सहा वाड्या, एक पूल

हा विचार उदाहरणावाचून पोकळ वाटण्याचा संभव आहे. समजा, एका नदीच्या डाव्या तीरावर अ, आ आणि इ या तीन वाड्या आहेत आणि त्या तिन्ही एकमेकींना रस्त्याने जोडलेल्या आहेत. उजव्या तीरावर उ, ऊ आणि ए या तीन वाड्या तशाच परस्परांशी जोडलेल्या आहेत. नदीवर पूल एकच, तो इ आणि उ या वाड्यांमधला. एकूण बिंदू सहा, रेषा सात.

आता प्रत्येक वाडीला एकेक संख्या द्यावी आणि पुढील हिशेब करावा. वाडीच्या संख्येतून तिच्या प्रत्येक शेजारणीची संख्या वजा करून त्या सर्व वजाबाक्यांची बेरीज घ्यावी. ही बेरीज प्रत्येक वाडीच्या बाबतीत तिच्या स्वतःच्या संख्येच्या एकाच पटीत येत असेल, तर ती पट म्हणजे त्या जाळ्याचे एक लाक्षणिक मूल्य होय. सर्व वाड्यांना १ ही संख्या दिली तर सर्व वजाबाक्या शून्य होतात. तेव्हा ० हे मूल्य कोणत्याही जाळ्यात असतेच. त्याच्यापासून नवे काही कळत नाही. सारे महत्त्व त्याच्या पुढच्या, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या मूल्याला आहे.

आपल्या सहा वाड्यांसाठी ते मूल्य ०.४३८ इतके येते. त्याची मांडणी अशी : अ आणि आ यांना १, इ ला ०.५६२, उ ला उणे ०.५६२, ऊ आणि ए यांना उणे १. ताळा कोणालाही करून पाहता येईल. अ वाडीसाठी : (१ वजा १) अधिक (१ वजा ०.५६२) म्हणजे ०.४३८, ही बेरीज १ च्या ०.४३८ पट आहे. इ वाडीसाठी : अ आणि आ यांच्याकडून प्रत्येकी उणे ०.४३८, पुलापलीकडून अधिक १.१२४, एकूण ०.२४८. आणि ०.५६२ ची ०.४३८ पट ०.२४६ येते. शेवटच्या दशांशातील फरक केवळ पूर्णांकनाचा आहे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला हा ताळा फळ्यावर करता येण्यासारखा आहे.

या मांडणीत दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, डाव्या तीरावरील तिन्ही संख्या धन आणि उजव्या तीरावरील तिन्ही ऋण आल्या. आव्यूहात नदीचा उल्लेख कोठेही नव्हता. तरीही आकड्यांनी दोन तीर वेगळे केले. पुलाच्या दोन टोकांच्या वाड्यांना शून्याच्या जवळच्या संख्या मिळाल्या, म्हणजे सीमेवरच्या वाड्या कोणत्या हेही कळले. दुसरी गोष्ट म्हणजे ०.४३८ ही संख्या स्वतः. वाड्यांच्या जागी सारख्या आकाराचे सहा हौद आणि रस्त्यांच्या जागी सारखे नळ कल्पिले, तर हौदांतील पाण्याच्या पातळ्या किती वेगाने समान होतील ते ही संख्या सांगते. एका तीरावरील तीन हौद आपापसांत लवकर समपातळीत येतील. दोन तीरांमधील फरक मात्र एका नळातून रेंगाळत जाईल. मूल्य जितके लहान, तितके हे रेंगाळणे दीर्घ. जाळे दोन तुकड्यांत तुटले तर ते शून्य होते.

आता प्रश्न निधीचा. आणखी एक रस्ता किंवा पूल बांधण्याइतकी तरतूद आहे असे मानू. तीन प्रस्ताव आले. पहिला, अ आणि आ यांच्यामध्ये आणखी एक रस्ता काढावा, कारण तेथे वर्दळ जास्त आहे. दुसरा, अ वाडीतून उ वाडीकडे नवा पूल बांधावा. तिसरा, अ वाडीतून ऊ वाडीकडे बांधावा. पहिल्या प्रस्तावाने दुसरे लाक्षणिक मूल्य ०.४३८ होते तेथेच राहते. दशांशाचाही फरक पडत नाही, कारण अ आणि आ यांच्या संख्या मुळातच समान होत्या. दुसऱ्या प्रस्तावाने ते ०.७६४ होते. तिसऱ्याने ते १ होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रस्तावांत पुलांची संख्या तीच आहे. मग फरक कशाचा? दुसऱ्या प्रस्तावात दोन्ही पूल उ वाडीतच उतरतात. पुराचे पाणी उ वाडीत शिरले तर दोन पूल असूनही दोन तीर तुटतात. तिसऱ्या प्रस्तावात कोणतीही एक वाडी पाण्याखाली गेली तरी उरलेल्या पाच जोडलेल्या राहतात. आकडा हा भेद आपण होऊन दाखवितो. झेकोस्लोव्हाकियाच्या विज्ञान अकादमीतील मिरोस्लाव्ह फीडलर यांनी १९७३ साली या मूल्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जाळ्यात सर्वच बिंदू परस्परांशी जोडलेले नाहीत, अशा जाळ्यातील किमान किती बिंदू काढले असता ते तुटते ही संख्या या मूल्याहून कधीही लहान नसते, हे त्यांनी सिद्ध केले. तेव्हापासून हे मूल्य त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

अर्थात पहिला प्रस्ताव निरुपयोगी आहे असे यावरून ठरत नाही. वर्दळ ही खरी गरज असू शकते. मात्र ‘दळणवळण बळकट करण्यासाठी’ या शीर्षाखाली तो मांडला गेला, तर जाळ्याच्या बळाच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य आहे, एवढे आकडा स्पष्टपणे सांगतो.

या शाखेचे मूळ विजेच्याच अभ्यासात आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. गुस्ताव किरखोफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, विद्युत मंडलांचा विचार करताना एक नियम शोधला. सहा वाड्या जोडून ठेवण्यासाठी किमान पाच रस्ते लागतात. सातांपैकी असे पाच निवडण्याचे किती प्रकार आहेत? उत्तर : शून्य सोडून बाकीच्या सर्व लाक्षणिक मूल्यांचा गुणाकार करावा आणि बिंदूंच्या संख्येने भागावे. एका पुलाच्या जाळ्याची ती मूल्ये ०.४३८, ३, ३, ३ आणि ४.५६२ अशी आहेत. गुणाकार ५४, भागिले ६, म्हणजे ९ प्रकार. हाताने मोजले तरी नऊच भरतात.

वीजजाळ्यात प्रत्येक जनित्राचा फिरता भाग हा वाहिन्यांच्या द्वारे इतर जनित्रांशी जणू स्प्रिंगने बांधलेला असतो. कोठेही धक्का बसला की सर्व जनित्रे किंचित हेलकावतात. दाट विणीतील जनित्रे एकत्र हेलकावतात. विरळ जोडणीने सांधलेले दोन समूह मात्र एकमेकांविरुद्ध संथपणे झुलू लागतात. हा संथ झोका लहान लाक्षणिक मूल्यांशी निगडित असतो. म्हणून १९८० च्या दशकाच्या आरंभापासून वीज-अभियंते वाहिन्यांची क्षमता व जनित्रांचे जडत्व हिशेबात धरून हीच मूल्ये काढतात आणि जाळे आणीबाणीत वेगळे करावयाचे झाल्यास ते कोठे करावे, हे त्यांवरून अजमावतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिण विभागाचे जाळे उर्वरित भारताशी एकाच लयीत जोडले गेले आणि सारा देश एका वारंवारतेवर चालू लागला. दोन मोठ्या समूहांमधल्या अशा नव्या जोडणीचे गणित सहा वाड्यांच्या गणिताहून प्रकाराने वेगळे नाही. केवळ आकाराने फार मोठे आहे.

रसायन, रोग आणि शोधयंत्र

१९३१ साली एरिख हुकेल या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने बेन्झीनच्या रेणूचा प्रश्न हाती घेतला. सहा कार्बन अणूंचे हे वलय आश्चर्य वाटावे इतके स्थिर असते. त्याचे कारण सांगता येत नव्हते. हुकेलने अनेक बाबी बाजूला ठेवल्या आणि कोणता अणू कोणाशेजारी आहे एवढेच विचारात घेतले. म्हणजे, त्या नावाने नव्हे तरी, त्याने षटकोन या आलेखाचा ० आणि १ यांचा आव्यूहच मांडला. त्याची लाक्षणिक मूल्ये २, १, १, उणे १, उणे १ आणि उणे २. ही मूल्ये म्हणजेच इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या. सहा इलेक्ट्रॉन, एका पातळीत दोन याप्रमाणे, वरच्या तीन मूल्यांत बसतात. बेरीज ८ येते. हेच सहा इलेक्ट्रॉन तीन सुट्या दुहेरी बंधांत असते तर बेरीज ६ भरली असती. हा दोन एककांचा लाभ म्हणजे बेन्झीनचे स्थैर्य. औषधे, रंग आणि प्लास्टिक यांच्या रसायनशास्त्रात या वलयाचे स्थान पाहता, इतक्या थोड्या आकडेमोडीतून इतके मोठे कारण हाती लागावे हे विलक्षणच म्हटले पाहिजे. हुकेलची रीत आणि आलेख सिद्धांत हे एकच आहेत, ही गोष्ट मात्र १९५६ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी, गुन्थार्ड आणि प्रिमास या दोघांनी दाखवून दिली.

रोगप्रसाराच्या बाबतीत उपयोगी पडते ते याच ०-१ आव्यूहाचे सर्वांत मोठे मूल्य. २००३ साली अमेरिकेतील काही संगणकशास्त्रज्ञांनी संगणक-विषाणूंच्या निमित्ताने याविषयीचा नियम मांडला. संसर्ग पुढे जाण्याचा वेग भागिले बरे होण्याचा वेग हे प्रमाण, एक भागिले सर्वांत मोठे लाक्षणिक मूल्य याहून कमी असेल, तर साथ लवकर विझते. नियम सोपा आहे. त्याचे परिणाम मात्र सरावाच्या समजुतीला धक्का देणारे आहेत. समजा १०१ वस्त्या वर्तुळाकार साखळीत आहेत आणि प्रत्येकीचा संपर्क फक्त शेजारच्या दोघींशी आहे. सरासरी संपर्क दोन, सर्वांत मोठे मूल्यही दोन. आता दुसरे चित्र घ्यावे : मध्ये एक बाजारगाव आणि भोवती १०० वस्त्या, प्रत्येक वस्तीचा संपर्क केवळ बाजारगावाशी. सरासरी संपर्क येथेही दोनच्या किंचित खाली आहे. पण सर्वांत मोठे मूल्य १०० चे वर्गमूळ, म्हणजे १० आहे. पहिल्या रचनेत उंबरठा एक द्वितीयांश, दुसरीत एक दशांश. ज्या रोगाचे प्रमाण एक पंचमांश आहे तो साखळीत निश्चितपणे विझेल; बाजारगावाच्या रचनेत ती खात्री देता येत नाही.

दरडोई सरासरी संपर्क हा आकडा कागदोपत्री मिळवणे सोपे असते, आणि म्हणूनच त्यावर विसंबण्याचा मोह होतो. वरील दोन चित्रांत तो आकडा जवळजवळ सारखा आहे आणि धोका मात्र पाचपट वेगळा आहे. बाजारगावात लसीकरण आधी पूर्ण केले तर तो बिंदूच साखळीतून निघून जातो आणि उरलेल्या शंभर वस्त्या एकमेकींना संसर्ग देऊ शकत नाहीत.

संगणकाच्या महाजालावरील शोधयंत्रांची गोष्ट आता सर्वपरिचित झाली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली पृष्ठांची प्रतवारी करण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तीही एका प्रचंड आव्यूहाच्या सर्वांत मोठ्या लाक्षणिक मूल्याशी जोडलेल्या मांडणीचाच हिशेब आहे. ज्या पृष्ठाकडे महत्त्वाची पृष्ठे बोट दाखवितात ते महत्त्वाचे, असे त्याचे तत्त्व आहे. असा हिशेब नेहमी एकाच उत्तरावर येऊन ठरतो याची हमी पेरॉन (१९०७) आणि फ्रोबेनियस (१९१२) यांच्या प्रमेयांनी कितीतरी आधी देऊन ठेवली होती.

येथपर्यंत दुबळ्या जाळ्यांचा विचार झाला. उलट प्रश्नही विचारता येतो : प्रत्येक बिंदूला थोड्याच, समजा तीनच, रेषा देऊन तोडण्यास अत्यंत कठीण असे मोठे जाळे विणता येईल काय? कमी तारांत जास्त बळ, हे दूरध्वनीपासून संगणकापर्यंत प्रत्येक यंत्रणेला हवे असते. १९८८ साली लुबोट्स्की, फिलिप्स आणि सार्नाक यांनी, व स्वतंत्रपणे मार्गुलिस यांनी, अशी जाळी प्रत्यक्ष रचून दाखविली. त्यांच्या वर्णपटात पहिले मूल्य आणि बाकीची मूल्ये यांच्यात जितके अंतर पडणे शक्य आहे तितके पडते. ही रचना सिद्ध करण्यासाठी श्रीनिवास रामानुजन यांनी १९१६ साली एका वेगळ्याच संदर्भात मांडलेल्या अनुमानाच्या व्यापक रूपाचा आधार घ्यावा लागला. म्हणून या जाळ्यांना रामानुजन आलेख असे नाव देण्यात आले. संख्यांच्या गुणधर्मांचा विचार करताना रामानुजन यांच्या मनात दूरध्वनीची जाळी असण्याचा काहीच संभव नव्हता. २०१३ साली मार्कस, स्पीलमन आणि निखिल श्रीवास्तव यांनी प्रत्येक बिंदूला तीन किंवा त्याहून अधिक कितीही रेषा दिल्या तरी या जातीची, बिंदूंचे दोन गट पाडता येणारी जाळी अमर्याद संख्येने असतात, हे सिद्ध केले.

श्रीखंडे आलेख

वर्णपटावरून जाळ्याविषयी इतके कळत असेल, तर पुढचा प्रश्न साहजिक आहे. केवळ वर्णपट हाती असेल तर मूळ जाळे जसेच्या तसे उभे करता येईल काय? १९५६ साली रसायनशास्त्रज्ञांना तसे वाटत होते. पुढच्याच वर्षी कोलाट्झ आणि सिनोगोविट्झ या जर्मन गणितज्ञांनी आठ-आठ बिंदूंचे दोन वेगळे आलेख पुढे केले, ज्यांचा वर्णपट एकच होता. समज मोडला. मात्र या विषयातील सर्वांत देखणे उदाहरण दोन वर्षांनी आले आणि त्याच्याशी एका मराठी गणितज्ञाचे नाव कायमचे जोडले गेले.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. (ज्या बीनाच्या उल्लेखाने या लेखाचा आरंभ झाला ते गावही सागर जिल्ह्यातलेच.) नागपूरला शिक्षण घेऊन ते अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. त्यांचा विषय संख्याशास्त्राचा होता. शेतावर अनेक वाणांची किंवा खतांची तुलना करावयाची असेल तर वाफ्यांची मांडणी कशी करावी, कोणता वाण कोणाशेजारी यावा, या प्रश्नातून निघालेले ते गणित होते. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरने १७८२ मध्ये लॅटिन चौरसांविषयी केलेले अनुमान खोटे ठरविले. ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली होती. त्या यशाच्या गाजावाजात श्रीखंडे यांचा त्याच वर्षीचा दुसरा निबंध काहीसा झाकला गेला.

त्या निबंधाचा विषय असा. चार ओळी व चार स्तंभांचा, सोळा घरांचा पट घ्यावा. एका ओळीतील किंवा एका स्तंभातील कोणतीही दोन घरे जोडावीत. बुद्धिबळातील हत्ती जेथून जेथे जाऊ शकतो तशी. प्रत्येक घराला सहा शेजारी मिळतात, एकूण रेषा ४८. कोणतीही दोन घरे घेतली, जोडलेली असोत वा नसोत, तर त्यांना सामायिक शेजारी नेमके दोन असतात. चाराऐवजी पाच, सहा किंवा कितीही ओळींचा पट घेतला तर असे गुणधर्म असलेली रचना ही हत्तीचीच असते, दुसरी असू शकत नाही, हे श्रीखंडे यांनी सिद्ध केले. अपवाद फक्त चाराचा. चाराच्या बाबतीत आणखी एक रचना निघते आणि ती एकच निघते. तीतही बिंदू सोळा, रेषा ४८, प्रत्येकाला सहा शेजारी, कोणत्याही दोघांना सामायिक शेजारी दोन. त्याच सोळा घरांवर ती अशी काढता येते : प्रत्येक घर डावीकडच्या, उजवीकडच्या, वरच्या व खालच्या घराशी जोडावे, शिवाय एकाच दिशेच्या तिरप्या रेषेतील दोन्ही बाजूंच्या घरांशी जोडावे, आणि पटाची एक कड संपली की समोरच्या कडेवरून पुढे मोजावे. हाच श्रीखंडे आलेख.

दोन्ही जाळ्यांचा वर्णपट तंतोतंत एक आहे : ६ हे मूल्य एकदा, २ हे सहा वेळा आणि उणे २ हे नऊ वेळा. तरीही जाळी वेगळी आहेत. हत्तीच्या जाळ्यात कोणत्याही घराचे सहा शेजारी पाहिले तर ते तिघा-तिघांच्या दोन सुट्या टोळ्यांत विभागलेले आढळतात; एक टोळी ओळीतील, दुसरी स्तंभातील, आणि दोन्ही टोळ्यांमध्ये एकही रेषा नाही. श्रीखंडे आलेखात तेच सहा शेजारी हातात हात धरून एक अखंड वलय करतात. सोळा घरांच्या पातळीवर सारे आकडे जुळतात आणि एका घराच्या अंगणात मात्र चित्र बदलते. विद्यार्थ्यांना हे कागदावर काढून दाखविण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागू नये.

१९६० च्या दशकात श्रीखंडे मुंबई विद्यापीठात आले. तेथील गणित विभागाची आणि उच्चतर गणित अध्ययन केंद्राची उभारणी त्यांनी केली व १९७८ साली ते निवृत्त झाले. एप्रिल २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वर्णपटावरून आलेख कितपत ओळखता येतो या प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाही. ज्यांत वर्तुळे नसतात अशा, झाडाच्या फांद्यांसारख्या आलेखांपुरते उत्तर १९७३ साली श्वेंक या गणितज्ञाने दिले : आकार वाढत जाईल तसा त्यांतील जवळजवळ प्रत्येकाला समान वर्णपटाचा जोडीदार भेटतो. सर्वसाधारण आलेखांची गणती संगणकाने केली असता, जोडीदार असलेल्यांचे प्रमाण दहा बिंदूंपर्यंत वाढत जाते आणि बारा बिंदूंना स्पष्टपणे उतरू लागते. पुढे ते उतरतच जाईल, असा अनेक तज्ज्ञांचा कयास आहे. त्याची सिद्धता कोणालाही देता आलेली नाही.